टांकसाळीतल्या चुका आणि नाण्यांचे उपप्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः स्वातंत्र्योत्तर भारतीय नाण्यांविषयी आहे. ब्रिटिशकालीन नाणी जिथे संबंध येतो तिथे आली आहेत. संग्राहकांच्या तोंडी जे शब्द असतात (डाय, कॉलर, एरर, व्हरायटी) तेच वापरले आहेत.

एरर आणि व्हरायटी यांत फरक काय?

एरर म्हणजे नाणे पाडताना झालेली चूक. चकती (नाण्याचा कोरा गोल तुकडा) सरकली, कॉलर (चकतीभोवतीचे पोलादी कडे) बसली नाही, आधीचे नाणे डायला (ठसा देणाऱ्या कोरीव साच्याला) चिकटून राहिले, अशी काहीही. ती एका नाण्यापुरती किंवा थोड्या नाण्यांपुरती असते. व्हरायटी म्हणजे डायमध्येच असलेला फरक. त्या डायने जितकी नाणी पाडली त्या सगळ्यांवर तो सारखाच दिसतो. लहान-मोठा अंक, मुकुटाचा वेगळा आकार, वेगळी टांकसाळखूण, लेखाची वेगळी भाषा हे त्यात येते.

सीमारेषेवरचे प्रकारही आहेत. डायला गेलेली चीर ही चूक आहे, पण त्या डायच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर ती उमटते. अशांना काही जण एरर म्हणतात, काही जण व्हरायटी. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. नाण्याचे वर्णन नीट लिहिले की पुरे.

नाणे कसे पाडतात हे माहीत असणे खरेच गरजेचे आहे का?

हो, आणि या पानावरचे बाकी सगळे त्यावरच उभे आहे. नाण्यावर विचित्र काही दिसले तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: टांकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर हे होऊ शकते? असा टप्पा सापडला नाही तर ते नुकसान आहे, मग ते कितीही दुर्मीळ दिसो.

टप्पे असे. धातूची पट्टी ठरावीक जाडीपर्यंत लाटतात. तिच्यातून पंचने गोल चकत्या कापतात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लात धुतात, सुकवतात. मग चकतीची कड दाबून काठ थोडा उचलून घेतात. ही काठ उचललेली चकती प्रेसमध्ये जाते. तिथे खाली एक डाय, वर एक डाय आणि भोवती पोलादी कडे असते, त्याला कॉलर म्हणतात. डाय दोन्ही बाजूंचा ठसा देतात, कॉलर धातूला बाहेर पसरू देत नाही आणि कडेवर दाते असतील तर ते उमटवते. हे सगळे एकाच ठोक्यात होते.

म्हणून चुकाही तीन घरांत बसतात: चकतीच्या, डायच्या आणि ठोक्याच्या. कापलेली कड, चुकीचा धातू, पापुद्रा सुटणे या चकतीच्या चुका. चीर, तुटलेला तुकडा, दुहेरी आकृती, फिरलेली डाय या डायच्या. सरकलेला ठसा, दोनदा बसलेला ठोका, लाखी (पुढे समजावली आहे), डाय आणि चकती यांच्यामध्ये अडकलेले सूत किंवा ग्रीस या ठोक्याच्या.

घरी तपासायला काय लागते?

दहा पटीचे भिंग, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, मिलिमीटरचा शतांश दाखवणारे डिजिटल कॅलिपर आणि एक साधे लोहचुंबक. चाळीस पटीचे भिंग सुरुवातीला घेऊ नका. त्यात प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसतो आणि माणूस भलतेच शोध लावतो. दिवा मात्र हलवता येणारा हवा. प्रकाश वरून सरळ पडला तर उंचसखलपणा कळत नाही. तो नाण्याच्या एका बाजूने तिरपा, जवळजवळ आडवा टाका आणि नाणे हळूहळू फिरवा.

शेवटची आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे एक साधे, चांगले नाणे. तुलनेला जोडीदार नसेल तर अर्ध्या शंका तशाच राहतात.

टांकसाळखूण कशी वाचायची?

सालाच्या खाली बघा. मुंबईची खूण भरीव चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखी. नोएडाची खूण गोल ठिपका. तिथे नाणी पाडणे १९८८ मध्ये सुरू झाले. हैदराबादची आजची ओळखीची खूण पाच टोकांचा तारा, पण जुन्या नाण्यांवर मधोमध दुभंगलेली चौकट किंवा आत ठिपका असलेली चौकटही सापडते. कोलकात्याची खूणच नाही. सालाखाली जागा कोरी असेल तर ते कोलकात्याचे. प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत) आणि संग्राहक संचांच्या नाण्यांवर मुंबईसाठी बी किंवा एम, कोलकात्यासाठी सी अशी अक्षरे येतात.

परदेशात पाडून आणलेल्या नाण्यांच्या खुणा वेगळ्या. १९८५ च्या एक रुपयावर एच असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. १९८८ च्या काही चिल्लर नाण्यांवरचे सी हे कॅनडातल्या ओटावाचे, कोलकात्याचे नव्हे. पुढे वर्तुळातले एमके स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचे आणि लंबवर्तुळातली तीन अक्षरे मॉस्कोची. हे सगळे नियमित नाणे आहे, चूक नाही.

एक गोंधळ कायम होतो. १९४७ च्या निकेलच्या रुपयावर सालाखाली ठिपका दिसला की नवखा माणूस नोएडा म्हणतो. तेव्हा नोएडाची टांकसाळ नव्हती; तो ठिपका मुंबईचा. प्रजासत्ताकाच्या १९५० पासूनच्या नाण्यांवर मुंबईची चौकट येते. त्याच काळाच्या आसपासच्या काही नाण्यांवर एल दिसले तर ते लाहोरचे, तिथे १९४३ पासून नाणी पडत होती.

माझ्या नाण्यावर मुंबईची चौकटच नाही. एरर आहे ना?

बहुधा ते कोलकात्याचे साधे नाणे आहे. आता दुसरी शक्यता. डायमधली चौकट म्हणजे बारीक खळगा. त्यात ग्रीस आणि धातूची भुकटी घट्ट बसली की ती उमटत नाही. हे खरोखर होते, पण सिद्ध करणे अवघड, कारण चौकट बुजलेले मुंबईचे नाणे आणि खूण नसलेले कोलकात्याचे नाणे वरवर सारखेच दिसतात. दोन गोष्टी मदत करतात. तिरप्या प्रकाशात चौकटीच्या जागी अंधूक उंचवटा उरलेला दिसतो का ते पाहा. आणि त्या साली कोलकात्याने ते मूल्य पाडले होते का हे कॅटलॉगमध्ये पाहा. पाडले असेल आणि उंचवटा नसेल, तर दावा सोडून द्या.

उंचवटा की खाच, हे बघायचा साधा नियम काय?

नाण्यावर वर आलेली अनावश्यक रेघ किंवा गाठ डायमुळे असते. डायला चीर पडली की ठोक्याच्या वेळी धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. उलट, खोल गेलेली रेघ म्हणजे नाण्याला नंतर पडलेला ओरखडा, किंवा ठोक्याच्या वेळी मध्ये आलेली वस्तू. वस्तू कोणती हे खाचेवरून कळते: तार असेल तर गोलसर तळाची सारख्या रुंदीची नाळ, कापड असेल तर विणीची जाळी, ग्रीस असेल तर कडा नसलेला गुळगुळीत खळगा.

नंतरचा ओरखडा कडेला धातू उचलून ठेवतो. नखाने सावकाश चाचपले तरी तो कंगोरा लागतो. ठोक्यातल्या खाचेला तसा कंगोरा नसतो. एवढे एक लक्षण पाहिले तरी निम्मी नाणी बाजूला पडतात.

चीर काठापासून काठापर्यंत जाऊन डायचा तुकडाच निघाला, तर त्या जागी नाण्यावर आकृती नसलेला फुगवटा येतो, काठाला चिकटलेला. हा प्रकार संग्राहकांना आवडतो. खात्री करायला मागच्या बाजूला नेमकी तीच जागा बघा: धातू पुढच्या पोकळीत ओढला गेल्यामुळे तिथला ठसा हमखास उथळ असतो. फुगवटा आहे आणि मागचा ठसा ठणठणीत आहे, तर कोणी तरी डाग देऊन धातू चढवलेला असू शकतो.

डाय घासून पुसून परत चढवली की बारीक समांतर उंच रेघा येतात. त्याही डायच्याच, पण त्यांना किंमत नाही.

फिरलेली डाय कशी मोजतात?

आजच्या भारतीय नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात. नाणे सिंह सरळ दिसतील असे धरा. डाव्या-उजव्या कडांना बोटांनी पकडा आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे उभ्या अक्षावर फिरवा. मूल्याची बाजू सरळ आली तर ठीक. तिरकी आली तर डाय प्रेसमध्ये सैल होऊन फिरली होती. उलटी आली तर १८० अंश.

मोजायला कागदावर कोनमापक छापून त्यावर पारदर्शक पाकिटातले नाणे ठेवा. १०-१५ अंशांच्या आतला फरक रोजचाच, त्यावर कोणी पैसे देत नाही. ९० अंशांच्या आसपास आणि १८० ला मागणी असते. पाहणी करताना नाणे आडव्या अक्षावर उलटू नका. मग प्रत्येक साधे नाणे १८० अंश फिरलेले वाटते. बाजारात अशी ‘दुर्मीळ’ नाणी घेऊन येणारे कमी नाहीत.

ऑफ सेंटर, पसरट ठसा आणि पायरीवाला काठ यांत फरक कसा ओळखावा?

चकती डायच्या मधोमध बसली नाही तर ठसा एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूला कोरा चंद्रकोरीसारखा भाग राहतो. हा ऑफ सेंटर. त्याचे मोजमाप टक्क्यांत सांगतात, म्हणजे डिझाइनचा किती भाग चकतीबाहेर गेला. पाच टक्के म्हणजे काठ थोडा जाड-बारीक. त्याला ऑफ सेंटर म्हणणे धाडसाचे. चाळीस ते साठ टक्के सरकलेले आणि साल व टांकसाळखूण शाबूत असलेले नाणे सगळ्यांना हवे असते. साल गेलेले त्याच आकाराचे नाणे बरेच मागे पडते, कारण त्याची नेमकी ओळखच पटवता येत नाही.

चकती मध्येच आहे पण कॉलर वर आली नाही, तर धातू मोकळा पसरतो. डिझाइन पूर्ण, व्यास नेहमीपेक्षा मोठा, कडेवर दाते नाहीत. हा पसरट ठसा. कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी व्यास घ्या; वजन मात्र बरोबर भरले पाहिजे. वजन कमी आणि व्यास मोठा असेल तर संशय घ्या.

कॉलर अर्धवट वर आली तर कडेच्या खालच्या भागात दाते आणि वरच्या भागात बाहेर आलेली पायरी दिसते. हे पाहायला नाणे डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून फिरवा. नुसते वरून बघणारा संग्राहक हा प्रकार आयुष्यभर हातातून सोडत राहतो.

कड कापलेले नाणे टांकसाळीतले की कोणी कापलेले?

पट्टी पंचखाली पुरेशी पुढे सरकली नाही की पुढची चकती आधीच्या भोकाला छेदून कापली जाते. म्हणून कापाची कड नेहमी आत वळलेल्या कमानीसारखी असते आणि कमानीचा गोलावा त्याच मूल्याच्या चकतीइतकाच असतो. पट्टीच्या टोकाची चकती असेल तर काप सरळ.

पारखायच्या खुणा तीन. कापाच्या बरोबर समोरच्या बाजूला काठ कमजोर किंवा जवळजवळ गायब असतो. काठ उचलताना समोरून दाब मिळाला नाही, म्हणून तसे होते. कापाजवळची अक्षरे ओढल्यासारखी निमुळती होतात, कारण धातू रिकाम्या बाजूला वाहतो. आणि वजन कापाच्या प्रमाणात कमी भरते. कानसीने कापलेल्या नाण्यावर अक्षरे मधूनच तुटतात, कापाच्या कडेला कानसीच्या रेघा असतात आणि समोरचा काठ नीट उभा असतो. समोरच्या काठाची खूण सगळ्यांत भरवशाची, तरी खूप खोल काप नसेल तर ती फिकट असू शकते.

लाखी म्हणजे काय?

जाणकार ज्याला ब्रोकेज म्हणतात तेच. पाडलेले नाणे प्रेसमधून बाहेर पडत नाही, एका डायला चिकटून राहते. पुढची चकती आत येते, तेव्हा तिच्या एका बाजूला डाय असते आणि दुसऱ्या बाजूला ते चिकटलेले नाणे. परिणामी एका बाजूला सिंह नेहमीसारखे वर आलेले आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे. मूल्याची बाजू कुठेच नाही. ‘सत्यमेव जयते’ उलटे, आत गेलेले वाचता आले की लाखी समजायची.

चिकटलेले नाणे पहिल्या ठोक्यात ताजे असते, त्यामुळे पहिली लाखी सुबक येते. पुढे ते दर ठोक्याला पसरत, झिजत जाते आणि डायवर टोपीसारखे चढते; त्यानंतरच्या नाण्यांवर मागची आकृती फुगलेली, अंधूक दिसते. पूर्ण, सुबक लाखीला अर्थातच मान जास्त.

नकली लाखी अशी बनवतात: दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंजात दाबतात. त्यात दुसऱ्या नाण्याची उलटी छाप पडते खरी, पण मूळची आकृतीही खाली शिल्लक असते, चिरडलेली आणि सपाट. खऱ्या पूर्ण लाखीत त्या बाजूला मूळ आकृतीचा मागमूस नसतो. एवढेच बघायचे.

अंक दुहेरी दिसतात. दुहेरी डाय आहे का?

शंभरातली बहुतेक नाणी यंत्राच्या थरथरीची निघतात. ठोका बसून डाय उचलताना ती किंचित सरकते आणि अक्षराची कड घासून सपाट पायरीसारखी होते. ही पायरी मूळ अक्षरापेक्षा खालच्या पातळीवर, चकचकीत आणि मूळ अक्षराची रुंदी खाऊन आलेली असते. तिला किंमत नाही.

खऱ्या दुहेरी डायमध्ये डाय बनवतानाच ठसा दोनदा, थोडा सरकून बसलेला असतो. तिथे दोन्ही आकृत्या गोलसर, जवळपास सारख्या उंचीच्या असतात. अक्षराच्या टोकाला स्पष्ट फाटा दिसतो, देवनागरीत शिरोरेषेच्या टोकांना आणि काना-मात्रांना तो लवकर ओळखू येतो. अक्षर एकूण जाड होते. आणि तीच दुहेरी आकृती त्याच डायच्या दुसऱ्या नाण्यावरही मिळायला हवी. जोडीला दुसरे नाणे सापडेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

दोनदा ठोका बसलेले नाणे हा आणखी तिसराच प्रकार. त्यात पहिल्या ठशाचे अवशेष दुसऱ्याखाली दबलेले दिसतात, बहुधा दोन्ही बाजूंना.

अंक किंवा अक्षर गायब आहे. किती महत्त्वाचे?

ग्रीस भरलेली डाय. एक आणि दोन रुपयांच्या पोलादी नाण्यांत सर्रास आढळते. सालाचा एक अंक पूर्ण गेला असेल तर ठेवून द्या, फिकट असेल तर खर्च करा.

धातू चुकीचा आहे हे कसे सिद्ध करायचे?

वजन, व्यास, चुंबक, याच क्रमाने. काही आकडे पाठच असावेत. १९९२ ते २००४ चा पोलादी एक रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. अकरा कोनांचा दोन रुपया ६ ग्रॅम, २६ मिमी. २००५ पासूनचा मोठा पोलादी दोन रुपया ५.६२ ग्रॅम, २७ मिमी. तांबे-निकेलचा जाड पाच रुपया ९ ग्रॅम, २३ मिमी. रुपयाचे चिन्ह असलेल्या २०११ च्या मालिकेत एक रुपया ३.७९ ग्रॅम आणि जवळपास २२ मिमी, दोन रुपये ४.८५ ग्रॅम आणि २५ मिमी, पाच रुपये ६ ग्रॅम आणि २३ मिमी, दहा रुपये ७.७१ ग्रॅम आणि २७ मिमी.

हे आकडे शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. जुना एक रुपया आणि २०११ चा दोन रुपया यांचे वजन आणि व्यास तंतोतंत सारखे. म्हणजे ‘जुन्या एक रुपयाच्या चकतीवर पाडलेला नवा दोन रुपया’ कोणी विकत असेल, तर ते कोणत्याही मोजमापाने सिद्ध होणार नाही. उलट, नव्या एक रुपयाच्या चकतीवर दोन रुपयाचा ठसा बसला तर वजन ३.७९ च्या आसपास आणि काठावरची अक्षरे बाहेर कापली गेलेली, हे लगेच कळते.

चुंबकाला पोलादी नाणी चिकटतात, तांबे-निकेलची आणि निकेल-पितळेची चिकटत नाहीत. पाच रुपयांत काळजी घ्या: २००७ च्या सुमाराचा पाच रुपया पोलादीच आहे आणि ६ ग्रॅमचाच, त्यानंतर निकेल-पितळेचा आला. पांढरा पाच रुपया बघून ‘चुकीचा धातू’ म्हणण्याआधी साल वाचा. १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा, त्यामुळे तोही चुंबकाला चिकटतो. ते खोटेपणाचे लक्षण नाही.

वजनात एक-दोन टक्के इकडेतिकडे चालते. पिवळसर किंवा तांबूस रंग एकटा पुरावा नाही. रंग भट्टीत, आम्लात आणि कोणाच्याही मुलामा देण्याच्या दुकानात बदलतो. मुलामा दिलेल्या नाण्याचे वजन मूळ धातूचेच राहते, आणि दात्यांच्या खोबणीत रंग वेगळा दिसतो.

दहा रुपयांच्या नाण्यांत इतके फरक का? त्यांतले खोटे कोणते?

वेगळ्या डिझाइनचे म्हणून कोणतेच खोटे नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर चौदा वेगवेगळ्या डिझाइनची दहा रुपयांची नाणी काढली आहेत आणि ती सगळी वैध आहेत. रुपयाचे चिन्ह नसलेले पंधरा किरणांचे आणि चिन्ह असलेले दहा किरणांचे, दोन्ही खरी. हे उपप्रकार झाले, एरर नव्हे.

दहा रुपयांतला खरा एरर मधल्या चकतीचा असतो. चकती न बसताच ठोका बसला तर बाहेरच्या कड्यावर ठसा असतो आणि भोकाच्या आतल्या कडेवर धातू थोडा आत वाहिलेला दिसतो. चकती नंतर काढून घेतली असेल तर आतली कड सरळ, खरचटलेली असते. पूर्ण नाण्याच्या ७.७१ ग्रॅममध्ये कडे ४.४५ आणि मधला भाग ३.२६ ग्रॅमचा, हे वजन करताना उपयोगी पडते.

मधला भाग उलटा किंवा फिरलेला असलेली नाणी विकायला येतात. कडे आणि मधला भाग हे एकत्र येतात तेच मुळी ठोक्यात. मग दोन्हीवर पूर्ण ठसा असून ते एकमेकांशी फिरलेले कसे असतील? टांकसाळीत असा टप्पाच नाही. ती नाणी बाहेर दाबून काढलेली आणि परत बसवलेली असतात. सांध्यावर भिंग ठेवले की कुरतडलेली धार दिसते. मधली चकती सरकलेली आणि तिच्यावर ठसा मात्र कड्याशी जुळलेला, असे असेल तर ते खरे.

दोन्ही बाजूंना सिंह किंवा दोन्ही बाजूंना आकडा असलेले नाणे?

जादूगाराचे. एका नाण्याची पोकळी खरवडून त्यात दुसऱ्याची पातळ कापलेली बाजू बसवलेली असते. काठाच्या आतल्या कोपऱ्यात भिंगाने गोल सांधा शोधा. दगडावर टाकले तर आवाज बद्द येतो.

ब्रिटिशकालीन नाण्यांत कोणते उपप्रकार बघावेत?

हे वेगळे, खोल पाणी आहे. सुरुवातीला तीन जागा पुरतात. राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया पुढची दहा-बारा वर्षे तेच साल ठेवून पाडला गेला. मुंबईच्या नाण्यांवर सालाभोवती आणि फुलांजवळ ठिपक्यांची संख्या बदलत गेली. ठिपके मोजणे हाच तिथला छंद. मात्र ठिपका आणि डायचा बारीक खड्डा यांत फरक करायला तीच जागा दोन-तीन नाण्यांवर ताडून पाहावी लागते.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया ‘डुकरी रुपया’ म्हणून प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. सोंड आणि शेपूट भिंगाखाली बघा. साल १९११ आणि हत्ती आखूड सोंडेचा, हे दोन्ही जुळले पाहिजे.

१९४३ च्या भोकाच्या पैशावर मुकुट गोलसर आणि सपाट अशा आकारांत येतो. स्वस्त, भरपूर मिळणारा आणि डोळा तयार करायला उत्तम. तसाच अभ्यासाचा एक सोपा नमुना स्वातंत्र्यानंतरचा: १९६४ चे नेहरूंचे ५० पैसे इंग्रजी लेखात आणि हिंदी लेखात, दोन्ही मिळतात.

व्हिक्टोरियाच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम. ओतीव नकलांत वजन पाव-अर्धा ग्रॅम चुकते आणि पार्श्वभूमीवर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात.

वैष्णोदेवीचे नाणे खरेच लाखोंना जाते?

नाही. ती प्रचलनात आलेली साधी स्मारक नाणी आहेत. असे दावे करून आधी ‘नोंदणी फी’, ‘कमिशन’ किंवा ‘कर’ मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता: बँक असल्या व्यवहारांत नसते आणि कोणाला असे पैसे घ्यायला नेमतही नाही. विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागणारा खरेदीदार नसतो.

नाणे स्वच्छ करावे का?

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पूड यांतले काहीही लावू नका. घासलेल्या नाण्यावर समांतर केसांसारख्या रेघा राहतात आणि वर सांगितलेल्या निम्म्या खुणा (ग्रीसची छटा, पायरीची चकाकी) पुसल्या जातात. चिकट घाण असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून, न घासता, टिपून घ्या. हवेशीर जागी, आगीपासून दूर. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. त्यात सुगंध आणि तेल मिसळलेले असते.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटे टाळा, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकटा येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका आणि दर काही आठवड्यांनी ते तापवून सुकवून घ्या.

कायद्याने काय लक्षात ठेवावे?

प्रचलनातली नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या मराठी संग्राहकाने इथून व्हिक्टोरियाचा रुपया टपालाने मागवू नये, पाठवणाऱ्यानेही पाठवू नये. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बंद आहेत, पण बाळगायला काही हरकत नाही.

किंमत कशी ठरते?

ठरलेला भाव नाही. किती ठळक दिसते, साल-खूण वाचता येते का, नाणे किती ताजे आहे आणि तसे दुसरे बाजारात आहे का, यावर ती हलते. भिंगाशिवाय दिसणारा एरर नेहमी वर राहतो. लिलावांच्या झालेल्या विक्रीचे आकडे बघा, मागितलेले नव्हेत. मागायला काय, कोणी कितीही मागेल.

दुसऱ्याला दाखवायला नाण्याची माहिती कशी द्यावी?

मूल्य, साल, टांकसाळखूण, वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास किमान दोन दिशांनी, चुंबकाला चिकटते की नाही. फोटो चार: दोन्ही बाजू सरळ वरून, कडेचा एक, आणि संशयाच्या जागेचा तिरप्या प्रकाशातला एक. शेजारी त्याच सालाचे साधे नाणे ठेवलेला फोटो असेल तर उत्तर लवकर मिळते. पुण्या-मुंबईतल्या नाणे प्रदर्शनांत नाणे हातात देऊन विचारता येते आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था व संग्रहालय आहे. जुन्या नाण्यांसाठी तिथे एकदा जावेच. नाणे मात्र पाकिटातून बाहेर काढून टेबलावर सरकवू नका. कडेला धरून, खाली मऊ कापड घालून द्या.